क्यूबाच्या पेचात माघार दोघांनीही घेतली, जगाला दिसली ती एकाचीच

प्रश्न असा आलाय की 1962 च्या क्यूबा पेचप्रसंगात अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी ठाम उभा राहिला म्हणून सोव्हिएत युनियनचा प्रमुख ख्रुश्चेव्ह घाबरून तिथली आपली क्षेपणास्त्रं परत घेऊन गेला असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते कितपत खरं आहे? आणि नेमकं त्याच दिवसांत चीनने भारतावर हल्ला केला तो योगायोग होता का? मी बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतोय, आणि शीतयुद्धाचा भाग सुरू झाला की बहुतेक मुलांच्या डोक्यात हीच गोष्ट आधीपासून पक्की बसलेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर देतो. तो सौदा होता. ख्रुश्चेव्हने क्यूबातली क्षेपणास्त्रं काढायची, बदल्यात केनेडीने क्यूबावर स्वारी न करायचं वचन द्यायचं आणि शिवाय तुर्कस्तानात ठेवलेली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं हलवायची. यातल्या पहिल्या दोन गोष्टी जगाला सांगितल्या आणि तिसरी लपवून ठेवली. माझं ठाम मत आहे की ती तिसरी गोष्ट लपवली म्हणूनच अमेरिकेतल्या पुढच्या राज्यकर्त्यांनी या प्रसंगातून भलताच धडा घेतला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

मुळात ख्रुश्चेव्हने ही क्षेपणास्त्रं तिथे नेलीच का, हे समजल्याशिवाय बाकीचं कळत नाही. 1960 च्या निवडणुकीत केनेडी सांगत फिरत होता की सोव्हिएत युनियन क्षेपणास्त्रांत आपल्या पुढे गेलंय, प्रत्यक्षात चित्र बरोब्बर उलटं होतं. 1962 मध्ये अमेरिकेकडे 25 हजारांच्या वर अण्वस्त्रं होती आणि सोव्हिएतकडे साधारण 3 हजार, त्यातही थेट अमेरिकेपर्यंत पोचतील अशी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं म्हणाल तर काही डझनच. ऑक्टोबर 1961 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे उपमंत्री गिलपॅट्रिक यांनी जाहीर भाषणात हे सांगूनच टाकलं की आम्ही पुढे आहोत, म्हणजे ख्रुश्चेव्हची इतक्या दिवसांची झाकली मूठ भर चौकात उघडी पडली. दुसरीकडे तुर्कस्तानात इझमीरजवळ 15 ज्युपिटर 1962 पर्यंत तयार होऊन उभी होती, इटलीत आणखी 30. आणि तिसरं कारण क्यूबा स्वतः. एप्रिल 1961 मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर बे ऑफ पिग्सला सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने तयार केलेले साधारण 1,400 क्यूबन निर्वासित उतरवले, ते तीन दिवसांत आपटले, पण म्हणून अमेरिका गप्प बसली नाही, त्याच वर्षाच्या शेवटी ऑपरेशन मंगूज नावाने घातपाताची नवी योजना सुरू झाली. तेव्हा आपल्यावर पुन्हा हल्ला होणार ही क्यूबाचा नेता कॅस्ट्रो याची भीती काही मनाचे खेळ नव्हते. आपल्याकडच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात आणि मग ख्रुश्चेव्ह एकदम वेडा माणूस वाटायला लागतो.

तर ख्रुश्चेव्हचा हिशेब असा होता की मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं आपल्याकडे भरपूर आहेत, तीच क्यूबात नेऊन ठेवली तर एका दगडात दोन पक्षी, क्यूबाही वाचेल आणि ताकदीतला फरकही भरून निघेल. क्यूबा फ्लोरिडापासून जेमतेम 145 किलोमीटरवर, यातल्या आर-12 क्षेपणास्त्राचा पल्ला 2,000 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वॉशिंग्टन टप्प्यात. मोहिमेला नाव दिलं अनादिर, जी सैबेरियाच्या पार टोकाची एक नदी आहे, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून निघणाऱ्या तुकड्यांबरोबर स्की आणि बर्फातले कपडे सुद्धा चढवले होते. जहाजाच्या पोटात सैनिक कोंबलेले, दिवसा वर यायला बंदी, उकाड्याने जीव नकोसा व्हायचा, रात्रीच काय ते डेकवर येऊन श्वास घ्यायचा. अशा पद्धतीने 40 हजारांच्या वर सोव्हिएत सैनिक क्यूबात पोचले आणि सीआयएचा अंदाज होता 10 हजारांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

14 ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-2 या हेरगिरीच्या विमानाने क्यूबात सान क्रिस्तोबालजवळ फोटो काढले, 16 तारखेला सकाळी ते केनेडीच्या समोर आले. त्याच दिवशीच्या बैठकीत केनेडी म्हणतो की हे म्हणजे आपण तुर्कस्तानात एकदम क्षेपणास्त्रं नेऊन ठेवल्यासारखंच झालं, आणि त्याचा सल्लागार बंडी त्याला सांगतो की साहेब, आपण ठेवलीच आहेत. हे आपल्याला माहीत आहे कारण केनेडीने खोलीत गुपचूप टेप रेकॉर्डर लावून ठेवला होता आणि नंतर त्या टेप उघड झाल्या. शिकवताना मला या टेपचा फार आधार वाटतो, नंतर लिहिलेल्या आठवणींत माणूस स्वतःला हुशार करून दाखवतो, टेपमध्ये तो सापडतो तसा सापडतो. 19 तारखेला सेनाप्रमुखांशी बैठक झाली त्यात हवाई दलाचा लेमे तोंडावर बोलला की नाकेबंदी, म्हणजे क्यूबाकडे येणारी जहाजं समुद्रातच अडवणं, ही जवळजवळ म्युनिचसारखी (1938 मध्ये ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे घेतलेली माघार) लोटांगण घातल्याची गोष्ट आहे. म्हणजे घरातून दबाव होता तो बॉम्ब टाका, आत घुसा असा. केनेडीने नाकेबंदी निवडली, 22 तारखेला संध्याकाळी 7 वाजता टीव्हीवरून जगाला सांगितलं, आपल्याकडे तेव्हा 23 ची पहाट होती. 24 ला नाकेबंदी लागू झाली, क्षेपणास्त्रांचं सामान आणणारी सोव्हिएत जहाजं थांबली किंवा मागे वळली, आणि बऱ्याच पुस्तकांत गोष्ट इथेच संपते.

खरी गोष्ट 27 ऑक्टोबरची, त्या शनिवारची. त्या एका दिवसात काय काय झालं ते बघा. क्यूबावर फोटो काढणारं मेजर रुडॉल्फ अँडरसनचं यू-2 सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं, अँडरसन ठार झाला, आणि ते पाडायचा हुकूम मॉस्कोने दिलेलाच नव्हता, क्यूबातल्या सोव्हिएत जनरलनी आपल्या जबाबदारीवर दिला. तिकडे अलास्काहून निघालेलं दुसरं एक यू-2 उत्तर ध्रुवाच्या बाजूला रस्ता चुकून थेट सोव्हिएत हद्दीत शिरलं, त्याला पकडायला मिग लढाऊ विमानं उडाली आणि वैमानिक इंधन संपत आलेल्या विमानातून कसाबसा परत आला. हवानाहून कॅस्ट्रोचं पत्र मॉस्कोला गेलं की अमेरिकेने स्वारी केलीच तर तुम्ही आधी अणुहल्ला करून मोकळे व्हा. यातलं काहीही केनेडी किंवा ख्रुश्चेव्हने ठरवून केलेलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी समुद्राखाली बी-59. या पाणबुडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळ्या प्रसंगाचा जीव इथे आहे. सोव्हिएतनी चार डिझेल पाणबुड्या क्यूबाकडे पाठवल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो, आणि अमेरिकन नौदलाला त्या टॉर्पेडोचा पत्ताच नव्हता. पाणबुड्या बनवलेल्या उत्तरेच्या थंड समुद्रासाठी, इकडच्या गरम पाण्यात आतलं तापमान 45 अंशांच्या वर, प्यायला पाणी मोजून मिळायचं, बॅटरी उतरलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. वरून अमेरिकन विनाशिका सरावाचे छोटे बॉम्ब टाकून तिला वर यायची खूण करत होत्या, त्या खुणेची माहिती अमेरिकेने मॉस्कोला कळवली होती, पण पाणबुडीच्या कॅप्टनपर्यंत ती आलीच नाही असं नंतर त्यांच्यातल्या लोकांनी सांगितलं. आतल्या माणसाला काय वाटणार? वर युद्ध सुरू झालंय. आत असलेल्या ओर्लोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार कॅप्टन साव्हित्स्कीचा संयम सुटला आणि त्याने तो टॉर्पेडो तयार ठेवायला सांगितलं. पाणबुडीवर वासिली अर्खिपोव्ह होता, पाणबुड्यांच्या ब्रिगेडचा चीफ ऑफ स्टाफ, त्याने आणि इतरांनी साव्हित्स्कीला शांत केलं आणि पाणबुडी वर आणली. एकाच साक्षीदारावर उभी असल्यामुळे या गोष्टीच्या तपशिलांवर अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण पाणबुडी होती, टॉर्पेडो होता, वरून स्फोट होत होते आणि आतल्यांना बाहेरची काही खबर नव्हती, याबद्दल वाद नाही. माझ्या दृष्टीने तेवढं पुरे आहे.

आता तो 40 हजारांचा आकडा. लेमे आणि मंडळींना स्वारी हवी होती, आणि स्वारी झाली असती तर समोर 10 हजार नाही, 40 हजारांच्या वर सोव्हिएत सैनिक निघाले असते, आणि त्यांच्याकडे रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रं होती. हे अमेरिकेला त्या वेळी माहीत नव्हतं. जानेवारी 1992 मध्ये हवानाला त्या वेळच्या अमेरिकन, रशियन आणि क्यूबन लोकांची परिषद झाली, कॅस्ट्रो स्वतः हजर होता, तिथे रशियन जनरल ग्रिब्कोव्हने ही माहिती दिली आणि 1962 चा संरक्षणमंत्री मॅकनामारा ऐकून हादरला. तीस वर्षं त्याला वाटत होतं की परिस्थिती आपल्या हातात होती.

तर हे सगळं शनिवारी चाललेलं असताना वॉशिंग्टनमध्ये चर्चा होती ख्रुश्चेव्हच्या दोन पत्रांची. शुक्रवारच्या पत्रात त्याने फक्त क्यूबावर हल्ला न करायचं वचन मागितलं होतं, भावनेने भरलेलं लांबलचक पत्र, त्यात ते प्रसिद्ध वाक्य आहे की युद्धाच्या गाठीची दोरी आपण दोघांनी दोन्हीकडून ओढू नये. शनिवारी सकाळी मॉस्को रेडिओवरून दुसरं पत्र, त्यात तुर्कस्तानची मागणी. पुस्तकात असं असतं की सल्लागारांनी दुसऱ्या पत्राकडे दुर्लक्ष करून पहिल्याला उत्तर द्यायची शक्कल काढली आणि डाव जिंकला. उत्तर तसं पाठवलं हे खरं, पण टेप ऐकल्या तर दिसतं की जवळजवळ सगळे सल्लागार तुर्कस्तानच्या अदलाबदलीला विरोध करतायत आणि एकटा केनेडी परत परत म्हणतोय की कुठल्याही समजूतदार माणसाला हा सौदा रास्तच वाटणार, यावरून आपण युद्धात गेलो तर लोकांना काय सांगणार.

संध्याकाळी त्याने भाऊ रॉबर्टला सोव्हिएत राजदूत दोब्रीनिनकडे बोलणी करायला लावलं. दोघे भेटले न्याय खात्यातल्या रॉबर्टच्या ऑफिसात. रॉबर्टने सांगितलं की ज्युपिटर हा एवढाच अडथळा असेल तर अध्यक्षांना त्यात अडचण नाही, चार-पाच महिन्यांत ती हलतील, पण हे जाहीर करता येणार नाही कारण ती नाटोच्या निर्णयाने ठेवलेली आहेत. दोब्रीनिनने मॉस्कोला कळवलं की रॉबर्टला इतकं अस्वस्थ मी कधी पाहिलं नव्हतं. आता हा निरोप मॉस्कोला जाणार कसा? दोब्रीनिनने आठवणींत सांगितलंय, तेव्हा वकिलातीची सांकेतिक तार वेस्टर्न युनियनकडे द्यावी लागायची, फोन केला की एक पोरगा सायकलवर येऊन कागद घेऊन जायचा, आणि मग आपण फक्त प्रार्थना करायची की हा वाटेत कुठल्या मुलीशी गप्पा मारत थांबू नये. दोन महासत्तांमधली व्यवस्था ही होती. म्हणूनच जून 1963 मध्ये हॉटलाईनचा करार झाला, आणि ती सिनेमात दाखवतात तसा लाल फोन नव्हता बरं का, टेलिप्रिंटर होता, म्हणजे मजकूर लिहूनच पाठवायचा.

इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. रविवारी सकाळी मॉस्कोत बैठक बसली तेव्हा दोब्रीनिनचा निरोप येण्याआधीच ख्रुश्चेव्हने मागे हटायचं मनाशी ठरवलेलं होतं, निरोप बैठक चालू असताना आला आणि त्याने निर्णय पक्का झाला. म्हणजे तो घाबरला होता का? हो, घाबरला होता. पण केनेडीही तितकाच घाबरला होता, सौदा फिसकटला तर संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख ऊ थांट यांच्याकडून हीच अदलाबदल सुचवून घ्यायची अशी आणखी एक गुप्त तयारी त्याने करून ठेवली होती, जी परराष्ट्रमंत्री डीन रस्कने थेट 1987 मध्ये उघड केली. दोघे घाबरले हेच तर बरं झालं, आणि घाबरण्यासारखंच होतं सगळं. ज्यांना भीती वाटत नव्हती ते लेमेसारखे लोक होते.

ज्युपिटर जुनाट होती, तशीही काढायचीच होती, असं काही जण म्हणतात. जुनाट होती हे बरोबर आहे, त्यांच्या जागी पोलारिस क्षेपणास्त्रं असलेल्या पाणबुड्या येणारच होत्या. पण मग एवढी लपवालपवी का केली हा प्रश्न राहतोच. सौदा माहीत असलेले केनेडी धरून नऊ जण होते, उपाध्यक्ष जॉन्सन त्यात नव्हता. ख्रुश्चेव्हने ज्युपिटरचा उल्लेख असलेलं पत्र पाठवलं ते रॉबर्टने परत केलं, लेखी काही नको म्हणून. एप्रिल 1963 मध्ये ज्युपिटर गुपचूप निघाली. त्याआधी डिसेंबर 1962 मध्येच सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट या अमेरिकन साप्ताहिकात लेख छापून आला, त्यात संयुक्त राष्ट्रांतला अमेरिकेचा प्रतिनिधी स्टीव्हन्सन कसा कच खाणारा, त्याला कसं म्युनिच हवं होतं असं रंगवलं, का तर त्याने तुर्कस्तानची अदलाबदल सुचवली होती. जो सौदा अध्यक्षाने स्वतः केला तोच सुचवल्याबद्दल एका सभ्य माणसाची अब्रू घालवली. मला या प्रसंगातलं हे सगळ्यात वाईट वाटतं, अगदी आजही. पुढे रॉबर्टच्या हत्येनंतर त्याच्या आठवणी छापल्या तेव्हा त्यातही सौद्याचा स्पष्ट उल्लेख गाळला गेला, आणि तो आपण गाळला हे केनेडीचा सल्लागार सोरेनसनने 1989 मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत कबूल केलं.

परिणाम काय झाला? जॉन्सन अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या डोक्यात हीच गोष्ट होती की हळूहळू दाब वाढवत नेला, ठाम राहिलं, की कम्युनिस्ट वाकतात. सल्लागार बरेचसे तेच, मॅकनामारा, बंडी, रस्क. त्यांना तर सौदा माहीत होता तरी ते याच चाकोरीत विचार करत राहिले, हे मला जास्त खटकतं. मार्च 1965 मध्ये उत्तर व्हिएतनामवर टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी बॉम्बफेक सुरू झाली आणि हनोई वाकलं नाही. व्हिएतनामला जायला इतरही कारणं होती, सगळं खापर क्यूबावर फोडत नाही मी, पण ‘दाब वाढवा, समोरचा मागे हटेल’ हा विश्वास ऑक्टोबर 1962 मधून आला हे नक्की. अमेरिकेचे 58 हजार सैनिक गेले, व्हिएतनामी लोक लाखोंनी मेले.

सोव्हिएतनी उलटा धडा घेतला. ख्रुश्चेव्हने सौदा गुप्त ठेवायचा शब्द पाळला, त्यामुळे घरात तो हरलेला दिसला, ऑक्टोबर 1964 मध्ये त्याला काढताना क्यूबाचा ठपकाही त्याच्यावर होता. त्यांचे मुत्सद्दी कुझनेत्सोव्ह अमेरिकेच्या वाटाघाटी करणाऱ्या मॅक्लॉयला म्हणाले होते की पुन्हा तुम्हाला आमच्याशी असं वागता येणार नाही, आणि तो शब्द त्यांनी खरा करून दाखवला. 1972 च्या साल्ट या शस्त्रमर्यादेच्या करारात लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची मर्यादा ठरली ती सोव्हिएतसाठी 1,618 आणि अमेरिकेसाठी 1,054. दहा वर्षांपूर्वी काही डझन होती, आठवतंय ना? या शर्यतीत सोव्हिएत अर्थव्यवस्थेचं कंबरडं मोडायला हातभारच लागला.

क्यूबाचं कुणी विचारत नाही म्हणून एवढं सांगतो, कॅस्ट्रोला या निर्णयाची आधी कल्पनाही दिली नाही, त्याला तो बातम्यांमधून कळला. त्याची समजूत काढायला ख्रुश्चेव्हचे ज्येष्ठ सहकारी मिकोयान हवानाला गेले आणि ते पोचले न पोचले तोच मॉस्कोत त्यांची पत्नी वारली, तरी ते अंत्यविधीला परत गेले नाहीत, काम पुरं करून मगच गेले. छोटी अण्वस्त्रं क्यूबाकडे राहू द्या असा कॅस्ट्रोचा आग्रह मिकोयानांनी मोडून काढला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तीही परत निघाली. हे मला अर्खिपोव्हच्या तोडीचं काम वाटतं पण त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, भारताचा. चीनने हल्ला सुरू केला 20 ऑक्टोबरला, आणि क्षेपणास्त्रांची गोष्ट जगाला कळली 22 ला, त्यामुळे केनेडीचं भाषण ऐकून संधी साधली असं म्हणता येत नाही, हल्ल्याची मूळ कारणं तिबेट आणि सीमेचा वाद हीच होती. पण एकदा दोन्ही सुरू झाल्यावर एकाचा परिणाम दुसऱ्यावर झाला हे खरं. ख्रुश्चेव्हला त्या आठवड्यात चीनची साथ हवी होती, म्हणून 25 ऑक्टोबरला प्राव्दा या सोव्हिएत पक्षाच्या वर्तमानपत्राने चक्क चीनची बाजू घेतली, दिल्लीत तो मोठा धक्का होता. क्यूबाचा धोका टळल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर पुन्हा तटस्थ झाला. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ दिल्लीतून मदत मागत होते तेव्हा पहिले काही दिवस वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांचं लक्ष क्यूबाकडे होतं, मग शस्त्रं आली, 19 नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडीला पत्र लिहून लढाऊ विमानंही मागितली. क्यूबाची नाकेबंदी उठली 20 नोव्हेंबरला आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली 21 ला. आपल्या घराघरात माहीत असलेली यशवंतरावांची दिल्लीला जाण्याची गोष्ट याच पंधरवड्यातली, संरक्षणमंत्री मेनन गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला तो असा.

पुढे चीनने ख्रुश्चेव्हवर दोन्ही बाजूंनी टीका केली, क्षेपणास्त्रं नेली हे दुःसाहस आणि काढली ही शरणागती, आणि त्या दोघांमधली फूट जगासमोर आली. त्याचा फायदा आपल्याला झाला. मिग-21 चा सौदा 1962 च्या उन्हाळ्यातच ठरला होता, युद्धाच्या दिवसांत तो लटकतो की काय अशी स्थिती होती, पण तो टिकला, विमानं आली आणि त्यांच्या उत्पादनासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला.